गाणे पाठ झाले, पुढे काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकातील लेखात पहिली ते पाचवीच्या वर्गांत बालगीतांचा उपयोग निरनिराळ्या विषयांसाठी कसा करता येईल, याविषयी मी लिहिले होते. गाणे म्हणून झाले की ते बाजूला ठेवू नये. ते फळ्यावर घ्यावे, त्याचे तुकडे करावेत, त्यातल्या वस्तू मोजाव्यात आणि मुलांना ते बदलू द्यावे, असा त्या लेखाचा आशय होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे पहिली आणि दुसरीचा जोडवर्ग आहे. पहिलीची मुले ‘ये रे ये रे पावसा’ घडाघडा म्हणतात आणि तक्त्यावर काठी फिरवत ते वाचूनही दाखवतात. पण त्यातला ‘खोटा’ हा शब्द दाखव म्हटले की गोंधळतात. याला वाचन म्हणायचे की पाठांतर? (एक शिक्षिका, ता. संगमनेर)

उत्तर : हे पाठांतरच आहे, पण त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, कारण वाचन शिकवण्यासाठी इतके चांगले साहित्य दुसरे मिळणार नाही. ओळीत पुढे काय येणार हे मुलाला आधीच ठाऊक आहे. राहिले आहे ते एवढेच, की तोंडातला शब्द आणि कागदावरचा शब्द यांची गाठ घालून द्यायची. उद्या एखाद्या मुलाच्या काठीकडे जवळून पाहा. गाताना त्याच्या कानाला ‘येरे, येरे, पावसा’ असे तीनच शब्द ऐकू येतात, म्हणून तो काठी तीन वेळा टेकवतो. तक्त्यावर मात्र ‘ये’, ‘रे’, ‘ये’, ‘रे’, ‘पावसा’ असे पाच शब्द आहेत. त्यामुळे तोंड पावसापर्यंत पोहोचते तेव्हा काठी दुसऱ्या ‘ये’वरच असते. अडचण नेमकी इथे आहे आणि ती अक्षरे गिरवून सुटत नाही.

त्यासाठी एकेक शब्द वेगळ्या पट्टीवर लिहा आणि पट्ट्या मुलांच्या हातात देऊन त्यांना ओळीने उभे करा. गाताना आपला शब्द आला की त्या मुलाने खाली बसायचे. पहिल्या दिवशी घोटाळा होईल, दुसऱ्या दिवशी मुलेच एकमेकांना दुरुस्त करतील. मग एक पट्टी काढून घ्या आणि तिथे गप्प राहून पुढे गायला सांगा. ‘खोटा’ आणि ‘मोठा’ या पट्ट्या एकाखाली एक धरा: कानाला दोन्हींचा शेवट जवळपास सारखा लागतो, पण डोळ्याला एकीकडे ‘टा’ आणि दुसरीकडे ‘ठा’ दिसतो. ट आणि ठ यांतला फरक सांगण्यासाठी यापेक्षा चांगली जोडी मला अजून सापडलेली नाही. शेवटी ‘ये गं ये गं सरी’ ही ओळ घ्या आणि ‘रे’चे ‘गं’ का झाले हे विचारा. दुसरीच्या मुलांना तेवढ्यावरून आणखी ओळी रचता येतात, आणि स्वतः रचलेली ओळ मूल खरोखर वाचते, कारण ती त्याला पूर्वी कोणी पाठ करून दिलेली नसते.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. दोन ते दहाचे पाढे त्याला चालीवर उत्तम येतात, पण ‘सात आठे किती’ असे मध्येच विचारले की तो ‘सात एके सात’पासून सुरुवात करतो. चालीवर पाढे म्हणून घेणे चुकीचे आहे का? (एक पालक, सोलापूर)

उत्तर : चुकीचे नाही, ते अर्धे काम आहे. चालीवर पाठ केलेली गोष्ट साखळीसारखी येते: एक कडी ओढली की पुढची येते, मधली सुटी काढता येत नाही. ‘ध’च्या आधी कोणते अक्षर, असे कोणी विचारले तर आपणही मनात ‘त, थ, द, ध’ म्हणतोच. म्हणून पाढ्याची चाल मोडू नका, ती मधून धरायला शिकवा. तुम्ही ‘सात पंचे’ म्हणा, त्याने ‘पस्तीस’ म्हणून तिथून पुढे जावे. एक ओळ तुमची, एक त्याची, असे म्हणा. कधी सत्तरपासून उलटे या. कधी उत्तराच्या जागी नुसती टाळी वाजवा आणि दहा ओळी झाल्यावर आठव्या टाळीची संख्या विचारा. ‘सात पंचे पस्तीस’ हा मधला मुक्काम पक्का झाला, की तिथून तीन साते पुढे गेल्यावर छप्पन्न येतात हे त्याचे त्यालाच कळेल, आणि गुणाकार म्हणजे काय हेही त्याच वेळी कळेल.

पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढेही तालावर म्हणून घेत. ती पिढी हिशेबाला पक्की होती याचे श्रेय आपण नुसत्या घोकंपट्टीला देतो. मला वाटते, दुकानात आणि बाजारात त्यांना रोज मधलीच कडी विचारली जात असे, त्यामुळे साखळी आपोआप सुटी होत असे. आजच्या मुलांच्या हाती तो व्यवहार फारसा येत नाही, म्हणून तो प्रश्न आपण विचारायचा.

तुमच्या पत्रात धाकट्या मुलीला संख्यांची नावे जड जातात, असेही तुम्ही लिहिले आहे. मराठीत ही अडचण खरीच आहे. ‘बत्तीस’ म्हणताना कानावर आधी दोन आणि मग तीस येतात, लिहिताना मात्र आधी तीन लिहायचे असतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तीस दोन’ अशा वाचनाची पद्धत आली आणि तिच्यावर मोठा वाद झाला, त्याचे मूळ हेच होते. ‘एकोण’ची नावे तर आणखी अवघड, कारण तिथे वजाबाकी दडलेली आहे. मी दुसरीच्या वर्गात यासाठी दोन ओळी घेत असे:

तीस चिमण्या तारेवर, एक उडाली वाऱ्यावर,
उरल्या किती सांगा पाहू? एकोणतीस तारेवर.

मग चाळीस चिमण्या, पन्नास चिमण्या, असे करत आम्ही वर जात असू. एका वर्षी शंभर चिमण्यांपाशी आल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी मोठ्याने ‘एकोणशंभर’ म्हणाली. वर्ग हसला. मी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि तिने तो कसा काढला हे तिलाच सांगायला लावले. तिचा हिशेब बिनचूक होता. इथे भाषेनेच आपला नियम सोडून ‘नव्व्याण्णव’ म्हटले आहे. त्या दिवसानंतर त्या वर्गात नव्व्याण्णव कोणी चुकले नाही.

प्रश्न : माझा आवाज चांगला नाही. मोबाइलवरची गाणी स्पीकरवर लावली तर चालेल का? (एक शिक्षक, जि. परभणी)

उत्तर : नवी चाल ऐकवण्यासाठी एकदोनदा जरूर लावा, पण रोजचे गाणे तुमच्याच तोंडून होऊ द्या. स्पीकर मुलांसाठी थांबत नाही, ओळ मध्येच तोडत नाही, एखादा शब्द गाळून मुलांकडे पाहत नाही, आणि वर सांगितलेले सगळे काम तर याच गोष्टींवर चालते. एक सूचना मात्र करतो. आपण पुरुष शिक्षक आपल्या सोयीच्या खालच्या पट्टीत गाणे सुरू करतो. मुलांचा आवाज तिथवर उतरत नाही, म्हणून ती गाण्याऐवजी ओरडतात आणि आपण त्यांना बेसूर ठरवतो. सुरुवात एखाद्या मुलीला करू द्या आणि तिच्या पट्टीत तुम्ही सामील व्हा.

प्रश्न : चौथीच्या मुलांना पावसाचे गाणे बालिश वाटते. शिवाय एक मुलगा म्हणाला, ‘आमच्याकडे पावसाला ये म्हणायची गरजच नसते.’ अशा वर्गात या गाण्याचे काय करावे? (एक शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : त्या मुलाने तुमच्या हातात भूगोलाचा पाठच ठेवला आहे. २२ जुलै २०२१ चा महापूर ज्या गावाने पाहिला, तिथल्या मुलाने असे म्हणणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. त्यालाच विचारा, की मग पावसाला पैसा द्यायला निघालेली माणसे कुठली असतील? समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर सोडून देतात. म्हणून कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि डोंगरापलीकडच्या माण-खटावसारख्या भागात पाचशे मिलिमीटरच्या आसपास. ही माहिती पुस्तकात असतेच, पण ‘ये रे’ म्हणणारे गाव आणि ‘आता पुरे’ म्हणणारे गाव यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे, हे त्या प्रश्नातून आले की ते मुलांना विसरता येत नाही. माण तालुक्यातल्या एखाद्या शाळेशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करता आली तर दर आठवड्याचा पाऊस एकमेकांना कळवा.

त्यासाठी पाऊस मोजावा लागेल, आणि ते गाण्यातच आहे: ‘ये गं ये गं सरी, माझे मडके भरी’. मडके पावसाने किती भरले हे कसे सांगायचे, असे विचारा. मुले मडके, तांब्या, बादली अशी भांडी उघड्यावर ठेवतील आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल, कारण मडक्याचे तोंड लहान आणि पोट मोठे असते. हा घोळ एक दिवस होऊ द्यावा. मग सरळ भिंतीच्या दोन लिटरच्या बाटलीचा निमुळता भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवावा, तळ सपाट नसतो म्हणून तिथे खडे व थोडे पाणी घालून शून्याची रेघ मारावी आणि बाहेरून मोजपट्टी चिकटवावी. हवामान खाते सकाळी साडेआठला पाऊस मोजते, तीच वेळ मुलांनीही ठेवावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते, एवढे एकदा बाटलीने पटवून दिले की पुढचे गणित मुले करतात: वर्गाचे छप्पर सहा मीटर बाय पाच मीटरचे, काल पाऊस वीस मिलिमीटर, म्हणजे पागोळ्यांवाटे सहाशे लिटर पाणी गेले. ‘मडके गेले वाहून’ ही ओळ यानंतर मुलांना बालिश वाटणार नाही.

खोट्या पैशाकडेही लक्ष वेधतो. आजच्या चौथीतल्या मुलाने व्यवहारात पैशाचे नाणे कधी पाहिलेले नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ ला चलनातून गेली. गाण्यातला पैसा तर त्याहूनही जुना. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे. त्या दिवसापासून ते शंभर झाले. घरातल्या आजीआजोबांकडे जुने नाणे असेल तर ते मागवा, त्यावरचे साल वाचायला लावा आणि चार आण्यांचे पंचवीस पैसे कसे झाले हे मुलांना काढू द्या. इतिहास आणि अपूर्णांक दोन्ही एकाच मुठीत मिळतात.

प्रश्न : नवरात्रात आम्ही शाळेत भोंडला करतो. यंदा एका पालकाने ‘अस्सं सासर द्वाड बाई, कोंडून मारितं’ या ओळीला हरकत घेतली. ही गाणी अभ्यासासाठी वापरावीत की बंद करावीत? (एक मुख्याध्यापिका, ता. पुरंदर)

उत्तर : हरकत रास्त आहे आणि गाणेही ठेवण्यासारखे आहे. मुलींनी फेर धरून हसत म्हणावे आणि कोणी त्यावर एक शब्दही बोलू नये, हे मला मान्य नाही. पण ओळ गाळून टाकावी हेही पटत नाही. ज्या बायकांना उघडपणे बोलायची सोय नव्हती, त्यांनी आपले दुःख फेराच्या गाण्यात ठेवले. पाचवीच्या मुलामुलींशी, दोघांशीही, हे सरळ बोलता येते: हे कोण म्हणते आहे, तिने हे घरात का सांगितले नाही, आज असे झाले तर कोणाकडे जावे. या बोलण्यासाठी वेळ आणि तयारी नसेल, तर त्या वर्षी ते गाणे घेऊ नये. पहिली-दुसरीसाठी मी गाणे ‘माहेरी धाडावी’ इथेच थांबवतो.

कारण त्या ओळीच्या आधीचे गाणे म्हणजे भाषेचा आणि परिसर अभ्यासाचा खजिना आहे. अक्कण माती, चिक्कण माती. खड्डा खणावा, त्यात जाते रोवावे, सपीटी दळावी, करंज्या कराव्या, तबकी ठेवाव्या, शेल्याने झाकाव्या, पालखी माहेरी धाडावी. एका कामातून दुसरे काम निघते, क्रम चुकला तर गाणेच अडते. तिसरीला हा क्रम आठ चित्रांत काढायला द्या, चित्रे मिसळून पुन्हा लावायला द्या, आणि मग विचारा की आज आपल्या घरी करंजीपर्यंत पोहोचायला यातल्या कोणत्या पायऱ्या उरल्या आहेत. व्याकरण तर त्याहून सुंदर आहे. अस्सा खड्डा, अस्सं जातं, अश्शी सपीटी, अश्शा करंज्या: लिंग आणि वचन बदलले की विशेषण कसे वळते, ते गाणे प्रत्येक ओळीत करून दाखवते. मुलांना गाण्यात नव्या वस्तू घालू द्या. ‘अस्सा मोबाइल’, ‘अश्शी सायकल’, ‘अस्सं दप्तर’ असे ती न चुकता म्हणतात. नियम त्यांच्या कानात आधीच असतो, आपण फक्त त्याला नाव द्यायचे.

गणितासाठी ‘एक लिंबू झेलू बाई’ लहानांना पुरेसे आहे, कारण प्रत्येक ओळ मागच्या संख्येत एक मिळवते. मोठ्यांसाठी प्रथेतच एक छान उदाहरण आहे. अनेक ठिकाणी पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एकेक गाण्याची वाढ करतात. नऊ दिवसांत एकूण गाणी किती? कोणी ओळीने बेरीज करेल, कोणी एक आणि नऊ, दोन आणि आठ अशा जोड्या लावेल; चार दहा आणि मधले पाच मिळून पंचेचाळीस. सोळा दिवसांच्या हादग्याचे उत्तर एकशे छत्तीस येते. त्या जोड्या मुलांना स्वतःला सापडेपर्यंत थांबावे, घाई करू नये.

प्रश्न : मी परिसर अभ्यास आणि इतिहासाच्या प्रत्येक पाठावर गाणे रचले आहे, एकूण चाळीस झाली. आणखी करावीत का? (एक शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या कष्टांबद्दल आदर बाळगूनही सांगतो, की आणखी करू नका, आहेत त्यांतली सात-आठ निवडा. पाठातली वाक्ये यमकात बसवली म्हणजे ती कळत नाहीत, फक्त पाठ होतात, आणि पाठ झालेली चूक काढणे फार कठीण असते. २००६ साली प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा छत्तिसावा जिल्हा झाला. नऊ ग्रहांची आणि पस्तीस जिल्ह्यांची गाणी म्हणणारी मुले त्यानंतरही वर्गावर्गांत भेटत राहिली. नावांची यादी गायचीच असेल तर तिचा क्रम यमकासाठी लावू नका, नकाशासाठी लावा. कोकणातले सात जिल्हे पालघर, ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई शहर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे उत्तरेकडून दक्षिणेकडे गायले, की गाताना मुलाचे बोट किनाऱ्याने खाली उतरत जाते. यमक जुळले नाही तरी चालेल, बोट योग्य जागी पडले पाहिजे.

प्रश्न : माझ्या वर्गातली बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. मराठी बालगीते ती ऐकून घेतात, पण सोबत गात नाहीत. (एक शिक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती)

उत्तर : मग काही आठवडे मराठी गाणी थांबवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला ते वाढवले, तेव्हा मुले शाळेपर्यंत येत नाहीत हे पाहून त्या शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरांमागे कुरणात घेऊन गेल्या. भाषेच्या बाबतीत आपल्यालाही तेच करायचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, पण धोरणाची वाट न पाहता तुम्ही उद्या एखाद्या मुलाच्या आजीला वर्गात बोलावू शकता. तिला मुलांसाठीचे एक गाणे म्हणू द्या. ते देवनागरीत फळ्यावर लिहा आणि तुमचा उच्चार मुलांना सुधारू द्या. त्या दिवशी तुम्ही विद्यार्थी असाल आणि मुलांचे आवाज मोठे झालेले तुम्हाला ऐकू येतील. मग त्याच गाण्यावर वर सांगितलेले सगळे करा: शब्दांच्या पट्ट्या, मधल्या ओळी, मोजणे, क्रम लावणे. त्यातली झाडे आणि पाखरे आधी कोरकू नावांनी आणि शेजारी मराठी नावांनी लिहा.

मराठीकडे परत याल तेव्हा ‘अस्सा खड्डा, अस्सं जातं, अश्शी सपीटी’ या गाण्यापासून सुरुवात करा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. मराठीसारखी ‘तो, ती, ते’ अशी वाटणी तिच्यात नाही, त्यामुळे ‘तो पालखी’ म्हणणारे मूल निष्काळजी नसते, त्याच्या कानाला तो भेद नवा असतो, आणि तो नियम सांगून बसत नाही, तालावर पुन्हा पुन्हा ऐकून बसतो. उलट कोरकूत एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये दोघांसाठी वेगळे द्विवचन आहे, जे मराठीत नाही. मुलांना ते एकदा तुम्हाला शिकवायला सांगा, आणि दोन मुले पुढे उभी करून त्यांच्या भाषेत कसे म्हणतात ते वहीत लिहून घ्या.